लॉट नंबर नसलेली लोकर

लोकरीच्या दुकानात गेलात की काउंटरमागचे काका हमखास बजावतात, "सगळे गुंडे आत्ताच घेऊन जा हं. नंतर हा लॉट मिळायचा नाही!" विणकाम करणाऱ्या प्रत्येकीला (आणि हो, प्रत्येकालाही) हे वाक्य तोंडपाठ असतं. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी आणखी एक नंबर छापलेला असतो, तो हा लॉट नंबर. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर घाणा! कारखान्यातल्या एका घाण्यात जेवढी लोकर रंगली, तेवढ्या सगळ्या गुंड्यांवर तोच नंबर. पुढच्या घाण्याचा रंग किंचित इकडेतिकडे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो फरक कळतही नाही. स्वेटर विणून झाला, घालून उन्हात गेलात, की पोटावर आडवी रेघ! वरचा अर्धा भाग एक निळा, खालचा दुसरा निळा. महिन्याभराची मेहनत पाण्यात.

म्हणून नियम सोपा. लॉट सांभाळा.

आता गंमत बघा. याच जगात अशीही लोकर मिळते, जिच्या लेबलवर लॉट नंबरच नसतो. एकाच शेडच्या दोन लडी शेजारी ठेवल्या तर फरक सरळ दिसतो. एकाच लडीतसुद्धा रंग कुठे गडद, कुठे फिका, कुठे मध्येच भलताच. आणि लोक कुरकुर न करता, उलट चार पैसे जास्त मोजून ती घेतात. ही हँड-डाइड, म्हणजे हाताने रंगवलेली लोकर. काकांचा नियम इथे खुंटीला टांगलेला!

हा नुसता मार्केटिंगचा फंडा तर नाही, अशी शंका येणं साहजिक आहे. "रंग नीट बसला नाही" हेच वाक्य "प्रत्येक लड युनिक आहे" असं इंग्रजी वळणाने म्हटलं की किंमत दुप्पट, असलं काहीतरी. याचं उत्तर शोधायचं तर नकाशावर बरंच लांब जावं लागेल.

दक्षिण अमेरिकेत, ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन धिप्पाड शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेला देश म्हणजे उरुग्वे. फुटबॉलवेड्यांना तो १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपचा यजमान आणि विजेता म्हणून माहीत असतो. लोकसंख्या साधारण ३५ लाख. मेंढ्या मात्र माणसांपेक्षा जास्त! म्हणजे लोकरीला तोटा नाही. पण राजधानीपासून लांब, खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या हाताला कमाईचं काम कुठून मिळणार? त्यासाठी १९६८ साली 'मानोस देल उरुग्वाय' ही संस्था सुरू झाली. स्पॅनिशमध्ये 'मानोस' म्हणजे हात. उरुग्वेचे हात. गावोगावच्या कारागीर बायकांच्या सहकारी संस्था आणि त्यांना एकत्र बांधणारी ही ना-नफा संघटना. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना आणि दूध डेअरी उभी राहते. तिथे सहकारातून लोकर रंगली. २००९ साली ही संस्था जागतिक फेअर ट्रेड संघटनेची सदस्यही झाली.

मानोसची लोकर प्रसिद्ध झाली ती 'केटल-डाइंग'मुळे. केटल म्हणजे चहाची किटली नव्हे, मोठं पातेलं. एका पातेल्यात मावतील तेवढ्या थोड्या लडी रंगवायच्या, त्यामुळे लॉट नंबर लावण्यात अर्थच नाही. पण लेबल काही रिकामं राहिलं नाही. त्यांच्या लडींच्या लेबलवर ती तयार करणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहिण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये बसून टोपी विणणाऱ्या माणसाच्या हातात हे नाव पडतं. पुढे २००५ साली मॉन्टेव्हिडिओत 'मालाब्रिगो' ही दुसरी कंपनी सुरू झाली आणि पातेल्यात रंगवलेली तिची मऊसूत मेरिनो लोकर जगभरच्या विणणाऱ्यांच्या पिशव्यांत जाऊन बसली. एवढासा देश, पण हँड-डाइड लोकरीच्या दुनियेत त्याचं नाव एकदम वजनदार.

बरं, हे रंगकाम प्रत्यक्षात कसं होतं? ते बघायला उरुग्वेचं तिकीट काढायची गरज पडली नाही. ठाण्यात राहणारी माझी एक मैत्रीण बँकेत नोकरी करते आणि रविवारी घरी लोकर रंगवून विकते. एक अख्खा रविवार मी तिच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती पातेली. रंगाची पातेली, डाव, सांडशी, सगळं वेगळं. प्रत्येकावर लाल पेंटची फुली. "चुकून यात कुणी वरण लावलं तर?" असं तिचं म्हणणं. त्या भांड्यांत पुन्हा कधीही खाण्याचं काही शिजत नाही.

पांढऱ्या लोकरीच्या लडी आधी कोऱ्या वजन करायच्या. मग सुती दोऱ्याने आठच्या आकड्यात सैल बांधायच्या, नाहीतर पातेल्यात त्यांचा असा गुंता होतो की देवच सोडवील. मग अर्धा तास पाण्यात भिजत. तोवर पातेल्यात पाणी, रंग आणि व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्वही चालतं. लोकर हे प्रथिन आहे, आपल्या केसांसारखंच. आंबट पाण्यात लोकरीवर धन भार येतो, या जातीच्या रंगांच्या कणांवर ऋण भार असतो. मग काय, दोघांची जोडी जमते! पण नुसतं आंबट पाणी पुरत नाही, उष्णताही लागते. साधारण ८० ते ९० अंश, अर्धा-पाऊण तास. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही आणि लोकर घुसळायची नाही. गरम लोकर एकदम गार पाण्यातही टाकायची नाही. नाहीतर धागे एकमेकांत अडकून लडीचा बुरणूस होतो.

पाऊण तासाने तिनं सांडशीने लडी उचलल्या आणि म्हणाली, "आता पातेल्यात बघ." पाण्याखाली स्टीलचा तळ स्वच्छ दिसत होता. मघाशी शाईसारखं जांभळं असलेलं पाणी नितळ झालं होतं. रंग गेला कुठे? सगळा लोकरीत! रंगाचं माप बरोबर असेल तर असंच व्हायला हवं. सिंकमध्ये रंगीत पाणी वाहत असेल तर एक तर रंग जास्त झाला, नाहीतर आंबटपणा किंवा वेळ कमी पडला.

आता कळीचा मुद्दा. लोकर एकसारखी रंगवणं तिला येत नाही असं नाही. भरपूर पाणी घ्या, रंग थंडच विरघळवा, आंच हळूहळू वाढवा, व्हिनेगर सगळ्यात शेवटी घाला, मध्ये मध्ये अलगद हलवा. लड अगदी शाळेच्या युनिफॉर्मसारखी निघते. तिला ते नको असतं, म्हणून ती बरोबर उलटं करते. पाणी कमी, व्हिनेगर आधीच, पाणी गरम, आणि मग रंग एका कोपऱ्यातून ओतायचा. जिथे रंग पडला तिथली लोकर तो हावरटासारखी ओढून घेते, लांबच्या घड्यांना उरलंसुरलं मिळतं. एकाच निळ्याच्या पाच छटा! म्हणजे फिके डाग पडले नाहीत, पाडले.

याच्या पुढच्या तऱ्हा तर एकाहून एक. लडी ओट्यावर पसरून रंगाच्या बाटल्यांनी पट्टे ओतायचे, प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळायच्या आणि मोदकांसारख्या वाफवायच्या. याला म्हणतात हँड-पेंटेड. किंवा ओल्या लडीवर कोरड्या रंगाची चिमूटभर पूड भुरभुरायची, की ठिपकेच ठिपके, स्पेकल्स. (हे करताना तोंडाला मास्क मस्ट! पूड श्वासात जाता कामा नये.) जांभळा आणि काळा तर पक्के नाटकी. ते अनेक रंगांच्या मिश्रणातून बनतात आणि त्यातला प्रत्येक रंग आपापल्या वेगाने लोकरीला चिकटतो. बऱ्याचदा लाल आधी पळतो, निळा मागून येतो. त्यामुळे जांभळ्या लडीत मध्येच गुलाबी कडा दिसतात. काही जण याला कटकट म्हणतात, काही जण त्याचीच वाट बघतात.

धाग्याचा पोतही आपला हट्ट चालवतो. जाड-बारीक कातलेला धागा असेल तर सैल, फुगीर भाग रंग पटकन पितो, घट्ट पिळाच्या भागात तो हळू शिरतो. लोकर आणि रेशीम एकत्र असेल तर एकाच पातेल्यात दोघांवर वेगवेगळी छटा चढते. मोहेरच्या लवेवर तर रंग धुक्यासारखा दिसतो. जपानच्या 'नोरो'चा खाक्या आणखी वेगळा. त्यांच्याकडे धागा बनण्याआधी तंतूच रंगवतात, मग रंगीत तंतू मिसळून कातले जातात. त्यामुळे एकाच गुंड्यात हिरवा सावकाश पिवळ्यात आणि पिवळा सावकाश केशरीत जातो. त्यांच्या एका प्रसिद्ध धाग्याचं नावच 'कुरेयॉन', म्हणजे जपानी उच्चारातला क्रेयॉन!

हे सगळं ऐकून "व्वा, किती क्रिएटिव्ह, मनाला येईल तसं!" असं म्हणायचा मोह होतो. तर तिची वही बघा. शाळेतल्या प्रयोगवहीला लाजवेल अशी. कोणता रंग किती मिली, व्हिनेगर किती, पाण्याचं तापमान, किती वेळ, आणि शेजारी त्या घाण्याचा बोटभर धागा स्टेपल केलेला. हिशोब पक्का असतो. १ ग्रॅम रंग विरघळवून १०० मिली द्रावण केलं की ते एक टक्क्याचं. १०० ग्रॅमच्या लडीला हे १०० मिली वापरलं तर लोकरीच्या वजनाच्या एक टक्का रंग झाला. मध्यम गडद छटा हवी तर एवढं, फिकी हवी तर त्याच्या निम्मं किंवा पाव. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही. इतकं मोजूनमापून केल्यावरही दोन लडी सारख्या निघत नाहीत, त्या उरलेल्या फरकाला ती 'हात' म्हणते. हाताची पाची बोटं सारखी नसतात, तर त्या हातांनी रंगवलेल्या लडी कशा असतील?

पण हे सगळ्यांना पटतंच असं नाही. मागच्या वर्षी एका ग्राहक बाईंनी कार्डिगनसाठी तिच्याकडून सहा लडी घेतल्या. तिच्या पातेल्यात एका वेळी तीनच मावतात, म्हणजे दोन घाणे झाले. तिसऱ्या दिवशी फोन. "तीन लडी डार्क आहेत. हा डिफेक्ट आहे. पैसे परत द्या." तिनं आधी समजावलं, मग पैसे परत केले. सहा लडींचे पैसे म्हणजे तिच्या त्या महिन्याच्या लोकरीच्या कमाईचा मोठा हिस्सा. संध्याकाळी मला म्हणाली, "अगं, बंदच करून टाकते. नाहीतर मोठं मशीन घेते आणि काढते सगळं एकसारखं."

"मग लोक तुझ्याकडून कशाला घेतील? दुकानातून नाही का घेणार?" मी म्हटलं.

"तेच तर!" ती म्हणाली आणि गप्प बसली.

या भांडणात ग्राहक बाई अगदीच चूक होत्या असं मला वाटत नाही. लॉट नंबरच्या जगात वाढलेल्या माणसाला फरक दिसला की दोष वाटणारच, आणि त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. आता मैत्रीण ऑर्डरच्या सगळ्या लडींचा एकत्र फोटो दिवसाच्या उजेडात काढून आधी पाठवते. किती घाण्यांत रंगवल्या तेही लिहिते. पसंत असेल तरच पैसे. परत आलेल्या त्या सहा लडी मी घेतल्या. दोन ओळी फिक्या लडीने, दोन ओळी गडद लडीने, अशी आलटूनपालटून विणत गेले. रेघ दिसत नाही. दिसते ती नुसती उन्हासावलीसारखी हलकी लहर.

आणि याचा अर्थ 'हाताचं आहे' म्हणून काहीही खपवून घ्यायचं असाही नाही. सरळ फरक करता येतो. छटा बदलली, ठिपका एखाद्या जागी जास्त पडला, तर तो हात. धुताना प्रत्येक वेळी रंग जातोय, विणताना बोटं निळी होतायत, लड बुरणुसासारखी आवळली आहे, १०० ग्रॅम म्हणून ९० ग्रॅमच दिली, तर तो दोष. पैसे परत मागा, बिनधास्त मागा. पण हाताला दोष म्हणून भाव पाडून मागू नका. कारण त्या लडीची किंमत म्हणजे लोकर अधिक रंग अधिक गॅस एवढीच नसते. कुणाचा तरी अख्खा रविवार त्यात भिजवलेला असतो.

घ्यायचीच असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्यांदाच घेत असाल तर एका लडीत होईल असं काहीतरी निवडा, टोपी किंवा मोजे. दोन लडींच्या भांडणाचा प्रश्नच नाही. मोठी वस्तू असेल तर वर सांगितलं तसं दोन-दोन ओळींचं पथ्य पाळा, आणि सगळ्यात वेगळी दिसणारी लड कॉलर किंवा बाह्यांच्या कडांसाठी ठेवा. भडक रंगीबेरंगी लड असेल तर डिझाइन साधं हवं. सुलट टाके, उलट टाके, बास! नाजूक जाळी आणि सात रंग एकत्र आले की दोन्ही दिसेनासे होतात. कधी कधी एकच रंग ओळीमागून ओळ एकाच जागी येऊन भलामोठा डाग तयार होतो. तेव्हाही दुसरी लड मध्ये घुसवली की तो मोडतो.

आणि हात शिवशिवत असतील तर? घरीच एक छोटी लड रंगवून बघा की! त्यासाठी खास रंगही लागत नाहीत. अमेरिकेत लोक 'कूल-एड' नावाच्या सरबताच्या पुडीने लोकर रंगवतात, कारण तिच्यात खायचा रंग आणि सायट्रिक अॅसिड दोन्ही असतं. आपल्याकडे जिलेबीसाठी मिळणारे खायचे रंगही लोकर रंगवणाऱ्या रंगांच्याच जातीचे. ते आणि व्हिनेगर पुरे. हे रंग कडक उन्हात टिकाऊ नसतात, पण शिकायला उत्तम. हळदीचा रंग सुंदर येतो आणि उन्हात उडतो. बिटाच्या नादी लागू नका, धुतलं की गेलं. फक्त एक अट, लोकर खरी हवी. आपल्याकडे लोकर म्हणून बहुतेक वेळा अॅक्रिलिक मिळतं आणि त्यावर हा रंग चढतच नाही. ओळखायचं कसं? दोन इंच धागा चिमट्यात धरून सिंकजवळ जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लॅस्टिकचा भाऊ!

आपण दिवसभर एकसारखं काम करण्याचेच पैसे घेतो. तोच टेम्प्लेट, तोच फॉरमॅट, आणि फाइलवर नावाऐवजी एम्प्लॉयी कोड. त्यात वाईट काही नाही. औषधाच्या गोळ्या आणि लिफ्टच्या दोऱ्या एकसारख्याच निघायला हव्यात. पण स्वेटरच्या बाबतीत थोडी सवलत द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या खेपेला 'हँड-डाइड' लिहिलेली लड हातात आली की लेबल उलटून बघा. लॉट नंबर नसेल तर नाव शोधा. नाव असेल तर बिनघोर घ्या. दोन्ही नसेल तर विचारा, "कुणी रंगवली?" विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही, तर लड हळूच जागेवर ठेवून द्या.